मृगयेची पूर्वसिद्धता : मानसोल्लास व श्यैनिकशास्त्र यांचें परीक्षण

संस्कृत काव्यांत मृगया विपुल आहे. मृगयेपूर्वींची खटपट मात्र त्यांत क्वचितच दिसते. रघुवंशाच्या नवव्या सर्गांत दशरथ अरण्यांत शिरतो तेव्हां सर्व व्यवस्था अगोदरच लागलेली आहे. कुत्रीं बाळगणारे व जाळीं लावणारे लोक पुढें जाऊन बसले आहेत, वणव्याचें व चोरांचें भय उरलेलें नाहीं, जमीन घोड्यांस टणक आहे, पाणवठे आहेत. आणि हें सर्व कालिदासानें एका श्लोकांत आटोपलें आहे. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकांत दुष्यंताचें मन पालटतें तेव्हां पुढें गेलेल्या हाकाऱ्यांस परत बोलाविण्याची आज्ञा होते, व तितक्यावर ते लोक नाटकांतून नाहींसे होतात. हे दोन्ही उतारे अनेक वर्षें वर्गांत शिकवितांना एकाहि विद्यार्थ्यानें विचारलें नाहीं कीं, हे पुढें गेलेले लोक कोण, ते कधीं गेले, आणि जाण्यापूर्वीं त्यांनीं काय काय केलें. परीक्षकहि तें विचारीत नसत. प्रस्तुत लेख त्या प्रश्नापुरता आहे.

या प्रश्नाचें उत्तर थोड्याबहुत विस्तारानें देणारे दोन ग्रंथ छापून प्रसिद्ध झालेले आहेत. पहिला कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, भूलोकमल्ल, याचा मानसोल्लास अथवा अभिलषितार्थचिंतामणि. इ. स. ११२९ च्या सुमाराचा हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेंत पंडित श्रीगोंदेकर यांच्या संपादनानें १९२५, १९३९ व १९६१ या वर्षीं तीन भागांत निघाला. त्याच्या पांच विंशति असून प्रत्येकींत वीस अध्याय आहेत. दुसरा ग्रंथ कूर्माचलाचा, म्हणजे कुमाऊंचा, राजा रुद्रदेव याचें श्यैनिकशास्त्र. अकबराचा समकालीन जो रुद्रचंद्र तोच हा, असें सामान्यतः मानतात. या सात अध्यायांच्या पुस्तकाची आवृत्ति महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्री यांनीं इंग्रजी भाषांतरासह कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीकडून १९१० सालीं काढली. पहिला ग्रंथ आपल्या दक्षिणेंतला, दुसरा हिमालयाच्या पायथ्याचा. दोहोंत सुमारें साडेचारशें वर्षांचें अंतर. तथापि दोन्ही ग्रंथकार राजे होते, दोघांच्याहि पदरीं जनावरें व पक्षी पढविणारीं माणसें होतीं, आणि दोघांनींहि त्या माणसांची विद्या श्लोकबद्ध केली. माझें म्हणणें असें कीं, या ग्रंथांतील मोलाचा भाग शिकारीचा नसून शिकारीच्या आधींचा आहे. व जेथें राजानें आपल्या माणसांचें ऐकून लिहिलें तेथें ग्रंथ जिवंत झाला, जेथें ऐकलें नाहीं तेथें ती नुसती नामावळी राहिली.

मानसोल्लासाचा जो भाग आपणांस पाहावयाचा त्याचें नांवच वाचकाची दिशाभूल करतें. चौथ्या विंशतीला विनोदविंशति म्हणतात. मल्ल, कोंबडे, एडके, रेडे व पारवे यांच्या झुंजींनंतर व खेळांनंतर तींत सारमेयविनोद, श्येनविनोद, मत्स्यविनोद व मृगयाविनोद असे चार अध्याय क्रमानें येतात, आणि त्यांच्यामागून गीत, वाद्य व नृत्य. या क्रमामुळें इतिहासकार हा भाग राजविलासाचें वर्णन म्हणून चाळतात आणि महाराष्ट्रांतील ओवीचा उल्लेख कोठें सांपडतो तें पाहण्यासाठीं घाईनें गीताकडे वळतात. ओवीचा उल्लेख मोलाचा आहेच. परंतु विनोद हा राजाचा; कुत्रीं, ससाणे व चित्ते सांभाळणाऱ्याला ती बारमाही चाकरी होती. ग्रंथाचा मथळा राजाच्या बाजूनें लिहिलेला आहे, मजकूर पुष्कळ ठिकाणीं चाकराच्या बाजूचा आहे, हें ध्यानांत ठेवून वाचल्यास हे अध्याय निराळे दिसूं लागतात.

यांपैकीं मत्स्यविनोद मला सर्वांत सरस वाटतो. मासे धरणें ही मृगयाच नव्हे असें कोणी म्हणेल. सोमेश्वरानेंहि अध्याय वेगळा केला आहे. पण आधींच्या तयारीचें तत्त्व येथें जितकें स्वच्छ दिसतें तितकें हरणांच्या प्रकरणांत दिसत नाहीं. गळ टाकण्यापूर्वीं मासा त्या जागीं येण्यास शिकला पाहिजे. म्हणून नेमक्या ठिकाणीं त्यास खाणें घालीत जावयाचें. कोणत्या जातीला पेंड, पीठ व भात यांचे गोळे, कोणत्या जातीला मांसाचे तुकडे, हें ठरलेलें. मासे नदीचे कीं समुद्राचे, खवल्यांचे कीं बिनखवल्यांचे, लहान कीं मोठे, असे भेद पाडून प्रत्येकाचें आमिष सांगितलें आहे. या अध्यायाचें महत्त्व प्रथम नीट ओळखलें तें संस्कृतज्ञानें नव्हे, तर सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञानें. त्यांचा लेख कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत १९५१ सालीं आला. व्याकरणाच्या बळावर आम्हीं जीं मत्स्यनामें 'एक प्रकारचा मासा' असा अर्थ देऊन सोडून दिलीं असतीं, त्यांपैकीं कित्येकांच्या जाती त्यांनीं ओळखण्याचा यत्न केला. ज्या विषयाचा ग्रंथ त्या विषयाचा जाणता संपादकाजवळ बसला पाहिजे, हा धडा मृगयाविनोदाला अजून मिळावयाचा आहे.

मृगयाविनोदांत पाणवठ्यावरील शिकार आहे, पढविलेल्या मृगाच्या साह्यानें केलेली शिकार आहे, आणि चित्त्याकडून करविलेली शिकार आहे. भारतांत चित्त्याकडून हरणें धरविल्याचा हा सर्वांत जुना लेखी पुरावा समजला जातो. येथें मात्र सोमेश्वराविषयीं माझी तक्रार आहे. प्रकारांची गणना करण्याच्या भरांत जनावर तयार कसें होतें याकडे त्याचें लक्ष फार थोडें जातें. तो भाग भरून काढावयाचा तर पुढील काळाकडे व चित्तेवानांच्या व्यवहाराकडे यावें लागतें, आणि तो व्यवहार ऐकणाराला नवल वाटण्याजोगा आहे.

चित्त्याचें पिल्लूं धरून वाढविण्यांत अर्थ नसे. शिकार कशी करावी हें त्याला त्याची आईच शिकविते, माणसाला तें शिकवितां येत नाहीं. म्हणून वयांत आलेला, शिकारींत मुरलेला चित्ता खड्ड्यांत किंवा फासांत धरीत. मग त्याला जें शिकवावयाचें तें शिकार नव्हे, माणसाचा सहवास. डोळ्यांवर टोपी घालून त्यास दोरांनीं खाटेशीं जखडीत. बाजारांतल्या गर्दींतून फिरवीत. लॉकवुड किप्लिंग, जो लाहोरास जाण्यापूर्वीं मुंबईच्या जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत शिल्पाचा अध्यापक होता, त्यानें १८९१ च्या आपल्या पुस्तकांत लिहिलें आहे कीं, चित्तेवानांच्या बायकामुलांना त्या जनावराजवळ दिवसभर बसवून सारखी बडबड करावयास सांगत, कीं मनुष्याचा आवाज त्याच्या अंगवळणीं पडावा. हरणांमागें धांवणाऱ्या जनावराची तयारी बायकांच्या गप्पांनीं व्हावी, ही गोष्ट कोणत्याहि संस्कृत ग्रंथकाराला सुचली नसती, कारण तो त्या आळींत कधीं गेलाच नाहीं. पुढें हळूहळू टोपी काढणें, हातच्या लाकडी पळींतून खाऊं घालणें, बैलगाडीवर स्वस्थ बसण्याची संवय लावणें, असा क्रम असे. यास महिनेच्या महिने लागत. अबुल फजल आईन-इ-अकबरींत म्हणतो कीं, पूर्वीं यास दोनतीन महिने लागत, पण बादशहांच्या युक्तीनें अठरा दिवसांत चित्ता तयार होऊं लागला. अठरा दिवसांच्या या आंकड्यांत धन्याची स्तुति किती व चित्तेवानाचा अनुभव किती, हें ज्यानें त्यानें ठरवावें.

आपल्याकडे ही विद्या कोल्हापुरास शेवटपर्यंत टिकली. शाहू छत्रपतींच्या व त्यांच्यामागून राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत तेथें चित्ते बाळगीत. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हां १९१८ पासून पुढें आफ्रिकेंतून चित्ते आणविले, आणि त्यांना कोल्हापूरच्या चित्तेवानांनीं याच रीतीनें तयार केलें. रानांतील शेवटचे म्हणून नोंदलेले देशी चित्ते १९४७ च्या सुमारास कोरिया संस्थानांत मारले गेले; १९५२ सालीं ही जात भारतांतून नष्ट झाल्याचें जाहीर झालें. १७ सप्टेंबर २०२२ रोजीं नामिबियांतून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशांतील कुनोच्या रानांत सोडले, ते शिकारखान्याकरितां नव्हत. परंतु जनावर परत आणतां येतें आणि त्याजबरोबर गेलेली विद्या आणतां येत नाहीं, हें संग्राहकांच्या नजरेस आणावेंसें वाटतें.

पढविलेल्या मृगाचा प्रकार याहून सौम्य, पण तितकाच विलक्षण आहे. माणसाळलेल्या काळविटाच्या शिंगांना जाळें अडकवून त्यास रानांतील कळपाकडे सोडीत. रानचा नर त्याच्यावर चालून आला कीं शिंगांत शिंगें गुंतून सांपडे. ही रीत अबुल फजलनेंहि नोंदली आहे. प्रस्तुत लेखक राहतो तें कर्वेनगर, म्हणजे जुनें हिंगणें बुद्रुक, येथून पर्वती दूर नाहीं. तिच्या पायथ्याशीं पेशव्यांचा शिकारखाना होता, व तेथील सिंह आणि गेंडा पाहून गेलेल्या इंग्रजांनीं त्यांचीं वर्णनें लिहिलीं आहेत. सवाई माधवरावांच्या पदरचे काळवीट वाद्यांच्या नादानें जवळ येत व झोपाळ्यावर झुलत, असा पुणें दरबारचा इंग्रज वकील मॅलेट याचा वृत्तांत आहे, द. ब. पारसनीस यांनीं तो आपल्या १९२१ च्या इंग्रजी पुस्तकांत दिला आहे. त्याकडे बालपेशव्याच्या कौतुकाचा विषय म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. मला असें वाटतें कीं, मोकळ्या रानांतील काळवीट नादावर बोलावून आणण्याची ही कसब मुळांत शिकाऱ्यांची असावी, व शिकारखान्यांतून ती दरबाराच्या करमणुकीस आली असावी. शिवकालीन अठरा कारखान्यांच्या परंपरागत यादींत शिकारखाना पीलखान्याच्या बरोबरीनें मोजलेला आहे, ही गोष्ट या तर्कास प्रतिकूल नाहीं.

आतां रुद्रदेवाकडे वळूं. ग्रंथ म्हणून श्यैनिकशास्त्र मानसोल्लासाच्या त्या चार अध्यायांहून निःसंशय श्रेष्ठ आहे. त्याचा आरंभ पंडिती थाटाचा आहे. मनूनें सातव्या अध्यायांत कामज व्यसनें सांगतांना मृगयेला पहिलें स्थान दिलें; तेव्हां मृगयेवर ग्रंथ लिहिणाऱ्यास आधीं व्यसनांचा विचार करणें प्राप्त होतें, व रुद्रदेव तो दुसऱ्या अध्यायांत करतो. कौटिल्यानें द्यूताहून मृगया बरी ठरवितांना व्यायाम, कफपित्तमेदांचा नाश, चल व अचल लक्ष्यावरील नेम व प्राण्यांच्या चित्ताचें ज्ञान असे तिचे गुण सांगितले आहेत. रुद्रदेवाचा पक्षहि त्याच वळणाचा. (त्याच कौटिल्यानें राजाच्या विहाराकरितां जें मृगवन सांगितलें त्यांतील हिंस्र पशूंचीं नखें व दाढा आधींच मोडून ठेवावयाच्या आहेत. पूर्वसिद्धता याच्या पलीकडे जाऊं शकत नाहीं. चल लक्ष्यावरील नेमाचें मग काय होतें तें आचार्यच जाणोत.) तिसऱ्या अध्यायांत मृगयेचे आठ प्रकार येतात. येथपर्यंत ग्रंथ चांगला पण परिचित आहे.

चौथ्या व पांचव्या अध्यायांत मात्र पुस्तकाचा स्वरच बदलतो. शिकारी पक्ष्यांचे काळ्या डोळ्यांचे व पाटल डोळ्यांचे असे दोन वर्ग केले आहेत. हा भेद पुस्तकी नव्हे. ससाणे, बहिरी, शाहीन हे एका बाजूस व बाज, शिक्रा हे दुसऱ्या बाजूस, असा जो भेद पक्षी हातावर घेणारा माणूस प्रथमदर्शनींच करतो, तोच हा आहे. पहिले उंचावरून झेप घालतात, दुसरे झाडीजवळून झडप घालतात, आणि दोघांची तयारी निराळी. पक्ष्यांच्या नांवांतहि दरबारी फारसी शब्द संस्कृताच्या वेषांत आलेले दिसतात. शुद्धतेच्या कैवाऱ्यास तें खटकेल. मला तो ग्रंथाच्या खरेपणाचा पुरावा वाटतो. बाजदार जो शब्द वापरीत तोच राजानें घेतला, कोशांतून दुसरा शोधला नाहीं.

पांचव्या अध्यायाचा विषय पक्ष्यांचें ऋतुपरत्वें संगोपन व त्यांचे रोग. श्येनमृगयेचा हंगाम थंडीचा. पण त्या हंगामाचें यश उन्हाळ्यांत व पावसाळ्यांत ठरतें. त्या दिवसांत पक्षी जुनीं पिसें टाकून नवीं धरतो. तेव्हां त्याला उडवावयाचें नाहीं. उन्हाळ्यांत गारवा द्यावयाचा, पावसाळ्यांत कोरडी, डांसमाशांवेगळी जागा द्यावयाची, व अन्न भरपूर घालावयाचें, कारण उपासांत उगवलेलें पीस कमजोर निघून ऐन झडपेंत मोडतें. पुढें शरद ऋतु लागला कीं सर्व उलट. आतां पक्षी माजलेला असतो, आणि माजलेला पक्षी उडतो पण हातावर परत येत नाहीं. मग त्याला पाण्यांत धुऊन सत्त्व काढलेलें मांस घालून हळूहळू हलका करावयाचा. पिसें व लोम खाण्यांत घालून तो सकाळीं त्यांची गोळी ओकतो कीं नाहीं तें पाहावयाचें, व ती गोळी पाहून त्याच्या पोटाची परीक्षा करावयाची. नव्यानें धरलेल्या पक्ष्याच्या पापण्या दोऱ्यानें शिवून त्या दिवसादिवसानें सैल करीत, व रात्रीं त्याला हातावर घेऊन जागत. माणसाची झोंप व पक्ष्याचा हट्ट यांत जो आधीं हरेल तो हरला. हें तपशील बाजदारांच्या सर्वत्र चालत आलेल्या परिपाठांतले आहेत. ते ठाऊक असल्याशिवाय रुद्रदेवाचे कित्येक श्लोक अनुष्टुभाचा पोकळ सांचा वाटतात, आणि ते ठाऊक असले म्हणजे प्रत्येक पदास वजन येतें. पुढें सहाव्या अध्यायांत तो श्येनांच्या झडपांसंबंधानें रसांची भाषा बोलूं लागतो. टीकाकार त्या भागावर लुब्ध होतात. मला तो पांचव्यापुढें फिका वाटतो.

तिसरा साक्षीदार ग्रंथ नव्हे. आपल्याकडील पारधी समाजाच्या पोटभेदांत फासेपारधी आहेत, तसेच चित्ते पढविणारे चितावाले पारधीहि होते. शिकवलेल्या बैलाच्या आडोशानें, त्याच्या पावलाबरोबर पाऊल टाकीत, कळपाजवळ जाणें. पिंजऱ्यांतला बोलका तित्तर रानांत ठेवून त्याच्या हांकेवर रानचे तित्तर फासांत आणणें. या त्यांच्या रीति होत. त्या बैलाला चरतां चरतां हरणांकडे तिरपें जाण्यास शिकवावयास किती काळ लागत असेल याची नोंद कोणत्याहि विनोदविंशतींत नाहीं. नांवाचीच कथा पाहा. हेमचंद्रानें कोशांत मृगयेस पापर्द्धि असा शब्द दिला आहे. लोकांच्या तोंडचा प्राकृत पारद्धि शब्द घेऊन विद्वानांनीं त्याला पाप आणि ऋद्धि असें संस्कृत रूप चढविलें असावें. मराठी पारध व पारधी हे त्याच घराण्यांतले. राजाच्या मृगयेस विनोद म्हणावयाचें व पारध्याच्या शब्दांत पाप ऐकावयाचें, हा भेद कोशापुरता राहिला नाहीं. १८७१ च्या गुन्हेगार जातींच्या कायद्याखालीं पुढें हेच लोक जन्मानें गुन्हेगार ठरविले गेले. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यांची उपजीविकाहि निषिद्ध ठरली. हा दुसरा कायदा अवश्य होता याविषयीं माझ्या मनांत शंका नाहीं. पण त्यांची विद्या लिहून घेण्याचें काम त्याआधीं व्हावयास पाहिजे होतें, तें फार थोडें झालें.

संगम माहुलीस थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधि दाखवितात. त्यानें वाघापासून धन्याचा जीव वांचविला अशी आख्यायिका आहे. ज्यानें खंड्याला पढविलें त्याचें नांव मात्र तेथें कोणी सांगत नाहीं.

तीं नांवें सांपडावयाचीं असतील तर हिशेबाच्या कागदांत सांपडतील. आपल्या संग्राहकांची नजर पत्रांवर असते. ज्या रुमालांत राजकारण नाहीं, नुसतें रोजचें मांस, चारा, दोर, घुंगरूं व चाकरांचा रोजमुरा लिहिलेला आहे, ते रुमाल मागें पडतात व शेवटीं तोलावर विकले जातात. शिकारखान्याच्या अशा एका बंदावरून श्यैनिकशास्त्राचा पांचवा अध्याय तपासून पाहतां येईल: श्रावणांत पक्ष्यामागें मांस किती पडे, आश्विनांत तें किती कमी होई, इतकें कळलें तरी पुरे. ज्यांच्या संग्रहीं असे बंद असतील त्यांनीं एक सावधगिरी बाळगावी. मोडी कागदांत 'चित्ता' हा शब्द आला म्हणजे तो हरणें धरणारा चित्ताच असें नाहीं. बिबळ्यालाहि लोक चित्ता म्हणत आले आहेत, व संस्कृतांतील चित्रक आणि द्वीपी यांचाहि भाषांतरकारांनीं असाच घोटाळा केला आहे. त्याच कागदांत टोपी, खाट, गाडी, बैलजोडी अथवा चित्तेवानाचें नांव यांपैकीं कांहीं असेल तर तो शिकारी चित्ता समजावा. नुसता पिंजरा व बकरें लिहिलें असेल, तर तो बहुधा बिबळ्या.